बांगड्याचं कार्ड

सिस्टर, तुमचा निळा थर्मास माझ्याकडं आहे. मी मागून घेतला नाही. तुम्हाला शिरोड्याला नेलं त्या दिवशी केंद्रातलं तुमचं टेबल आवरलं गेलं. थर्मास कुठल्याच यादीत नव्हता, म्हणून कोणीतरी माझ्या हातात दिला. आत अजून वास आहे. आपण बर्फ मासळीच्या बर्फकारखान्यातून आणत होतो ना, त्याचा. मी तो तीनदा धुतला, मग धुवायचं सोडून दिलं.

लोक म्हणतात, मास्तर गप्प झाले. मलाच नवल वाटतं. मयताच्या घरी गेलो तरी मागच्या ओटीवर चार माणसं हसवून येणारा मी. शिरोड्याला तुमच्या भावानं मला विचारलं, "तुमी सिस्टरीचे कोण?" मी म्हणालो, "भोंगेवालो." दिवसभरात तेवढंच बोललो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. पाय जड होतात, चहा निवतो, एवढंच.

भोंगेवालो हे खरंच होतं. तुम्ही आरोग्य केंद्राच्या नर्स आणि मी तिथला कुटुंब नियोजनाचा प्रचारक. जीप, भोंगा, लाल त्रिकोणाचं फडकं आणि माझी जीभ. पोरं 'निरोधमास्तर, निरोधमास्तर' ओरडत जीपमागं धावायची आणि मी उतरून त्यांना मुजरा करायचो. तुम्ही खिडकीतून डोकं काढून म्हणायच्या, "मास्तर, भोंगो बंद करा. बायलो घाबारतत." मी बंद करायचो आणि तोंडानंच भोंग्याचा आवाज काढायचो. तुम्ही हसायच्या नाहीत. पाठ फिरवायच्या. पाठ हलताना दिसायची.

हे छापायला देणार आहे, म्हणून आधी सांगून टाकतो. दोन्ही बायकांची नावं बदलली आहेत. गाव कुणकेश्वरपासून तळेऱ्यापर्यंत कुठंही धरा. ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्यांना वाचून दाखवलं आहे. त्यातली एक म्हणाली, "नाव बदला, पण बांगडो तसोच ठेवा."

गेल्या वर्षी आषाढात डॉक्टर मुंबईहून बातमी घेऊन आले. त्यांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत त्या नव्या रोगाची, एड्सची, रक्ततपासणी होते. नमुने बर्फात ठेवून पाठवले तर ते करून देतील. मी ऐकलं आणि सोडून दिलं. तुम्ही विळी बाजूला ठेवावी तसं पेन बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "तांबीच्या दिवशी बायलांका इचारूया."

मी केवढा उसळलो होतो! तांबी बसवायला बायका मुश्किलीनं येतात, सासूची नजर चुकवून येतात. त्यात हे काढलंत तर आपलं केंद्र ओस पडेल. आणि मग माझा हुकमी पत्ता मी टाकला. "सिस्टर, त्या रोगाक औषध नाय. सांगून तिका काय दितलास? भिती?"

तुमचं उत्तर जसंच्या तसं आठवतं. "मास्तर, ती माका इचारता, पोर आता होवंदे काय दोन वर्सान. मी अर्ध्या म्हायतीर कसा सांगू?"

"मगे तिच्या घोवाक इचारा."

"घोव बोटीर आसा. बाय माझ्या समोर आसा."

तांबीला येणाऱ्या बायकांचे नवरे कुठं असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. कोण मुंबईत, कोण बोटीवर खलाशी, कोण ट्रकवर. गणपतीला ते घरी येतात, म्हणून आषाढापासूनच तांबीची गर्दी. ज्यांना मूल नको त्या बसवायला येतात, ज्यांना हवं त्या काढायला. वर्षातून हे चार आठवडे बाई आपण होऊन तुमच्यासमोर बसते आणि मनातलं विचारते. तुम्ही तेवढंच म्हणत होतात की त्या चार आठवड्यांत खरं बोलू. माझा वाद मी हरलो नाही आणि सोडलाही नाही. बायका हो म्हणतील तर बघू, एवढ्यावर आपण थांबलो.

नाव लिहायचं नाही, यावर मात्र आपलं एकमत होतं. रजिस्टरात नाव, नवऱ्याचं नाव, वाडी, मुलं किती, सगळं असतं आणि ते सगळे वाचतात. तुम्ही म्हणालात, आकडे घालू. मी म्हणालो, "आकडा कोणाच्या लक्षात ऱ्हवतलो? मासो घाला. दर्यावरची बाय जन्मात मासो विसराची नाय." आणि तुम्ही हो म्हणायच्या आत मी जुन्या पोस्टरांचे पुठ्ठे कापून बारा कार्डं रंगवलीही. सुरमई, पापलेट, सरंगा, बांगडा, मोरी, तारली... सुरमईच्या डोळ्यात तर मी काजळ घातलं होतं. तुम्ही एकेक हातात घेऊन पाहिलंत. "बरी काढलास," म्हणालात. तेवढ्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

पद्धत साधी होती. तुम्ही आतल्या खोलीत एकेकीशी बोलायच्या. ती तयार झाली की मी व्हरांड्यात तिला कार्ड द्यायचो. डॉक्टर रक्त काढायचे आणि कार्डावरचं नाव बाटलीवर लिहायचे. कुठली बाई कुठला मासा, हे तुम्ही मुद्दाम बघत नव्हता. "माका रोज तेंच्या दारावरसून जावचा आसा," म्हणायच्या. दाराआडून मी तुमचं बोलणं ऐकायचो, बाराही वेळा तेच आणि बाराही वेळा नवं: "ह्या रगात मुंबैक जातला. तीन हप्त्यांनी कार्ड घेवन ये, मी तुका एकटीक सांगान. नको आसात तर नको म्हण. नको म्हटलंस तरी तांबीचा काम होतलाच." बारा जणी हो म्हणाल्या. तुम्ही एकदाही 'बघा' म्हणाला नाहीत.

त्या बारांत दोन जावा होत्या, एका घरातल्या. थोरली आनंदी, तीन मुलांची, तांबी बसवायला आलेली. धाकटी कुसुम, एका मुलीची, तांबी काढायला आलेली. तिचा नवरा बोटीवरून गणपतीला येणार होता आणि तिला दुसरं मूल हवं होतं. रक्त देऊन झाल्यावर दोघी पंपावर पाय धूत होत्या आणि मी व्हरांड्यात पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होतो.

"गो, तुका काय गावला?" कुसुमनं विचारलं.

"मोरी."

"माका बांगडो. तुझी मोरी माका दी."

"कित्याक?"

"मोरी बाळंतिणीक घालतत, दूध येवक. तू तांबी घालून घेतलंस, तुका आता कित्याक मोरी व्हयी? माझी काढूची आसा."

"आणि मी बांगडो घेव?"

"बांगडो बरो. घरात खपता."

"खप गो तूच!" म्हणत आनंदीनं तिच्या अंगावर पाणी उडवलं. मग दोघींनी कार्डं बदलली. कुसुमनं मोरीचं कार्ड कपाळाला लावून पोलक्यात घातलं.

बाटलीवरही तेच नाव आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, कार्ड म्हणजे दवाखान्याचा पास. ते सांगायचं काम कार्डं देणाऱ्याचं होतं, म्हणजे माझं. आणि मी काय केलं? हसलो. पोट धरून हसलो. मनात म्हटलं, वा, काय गोष्ट मिळाली! चांगली गोष्ट मी लगेच सांगत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. लोणच्यासारखी मुरवतो. योग्य दिवस, योग्य माणसं, मग झाकण उघडतो.

तुम्ही थर्मास घेऊन स्वतः तळेऱ्यापर्यंत गेलात, मुंबईच्या गाडीवर डॉक्टरांच्या माणसाच्या हाती द्यायला. कंडक्टरनं नाक मुरडलं. "बाय, वास येता. मासळी आसा?" तुम्ही म्हणालात, "व्हय. बारा जातीची." परत येऊन मला हे सांगितलंत तेव्हा तुमचा चेहरा इतका गंभीर होता की मला कळायला एक क्षण लागला. तुम्ही आयुष्यात केलेला तो एकच विनोद. तो मात्र मी कुठंच सांगितलेला नाही.

तीन आठवड्यांनी चिठ्ठी आली. तुम्ही टेबलाशी उभ्या होता. "मास्तर, एक इलो वायट."

"कोणचो?"

"ता तुमका कित्याक?"

कुठला मासा ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी तर्कही केला नाही. कार्डं घेऊन बायका एकेक येऊन गेल्या. त्यातल्या एकीचं रक्त तुम्ही पुन्हा काढवलंत, कारण एका तपासणीवर शिक्का मारायचा नाही असं डॉक्टर म्हणाले होते. पुन्हा थर्मास, पुन्हा बर्फ, पुन्हा तळेरे. पुन्हा तीन आठवडे. चतुर्थी आठ दिवसांवर आली तेव्हा दुसरी चिठ्ठी आली. तुम्ही खुर्चीत टेकलात आणि पदरानं मान पुसलीत. "बरां झाला, मास्तर. दुसऱ्या खेपेक साफ इला. डॉक्टर म्हणतत, पयली तपासणी चुकली आसात. बांगडो वाचलो."

बांगडा! माझ्या डोक्यात घंटी वाजली ती गोष्टीची. दुसरी कुठलीच नाही. मी म्हटलं, हाच तो दिवस. "बांगडो म्हणतास? मगे आयकाच," म्हणत मी टॉवेल डोक्यावर पदरासारखा घेतला, एकदा कुसुम झालो, एकदा आनंदी झालो, कंबरेवर हात काय, पाणी उडवणं काय. तुम्ही 'बांगडो बरो'पर्यंत हसलात. चक्क आवाज काढून हसलात. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे त्यातून निघून गेले.

"परत सांगा. बांगडो आधी कोणाकडे होतो?"

"कुसुमकडे."

"आणि रगात दिल्यार?"

"आनंदीकडे," मी म्हणालो, आणि तोंडातून शब्द बाहेर पडता पडता मला ऐकू आला.

बांगड्याची बाटली कुसुमची होती. दुसऱ्यांदा रक्त काढलं गेलं ते आनंदीचं. आणि मोरीचं कार्ड घेऊन आलेल्या कुसुमला 'सगळां बरां आसा' सांगून, तांबी काढून, तीन आठवड्यांपूर्वीच आपण घरी पाठवलं होतं. तिचा नवरा सहा दिवसांनी उतरणार होता.

"तुमी ह्या कधी बघलास?"

"त्याच दिवशी."

"आणि आज सांगतास."

मी अजून डोक्यावर टॉवेल घेऊन उभा होतो. तुम्ही शिव्या दिल्या नाहीत. छत्री घेतलीत, पिशवी घेतलीत, आणि उंबऱ्यावर थांबून म्हणालात, "चला."

कुसुम गणपतीची भिंत चुन्यानं रंगवत होती. मला बघून उजळली. "मास्तर इले! देवानच धाडल्यान. माझ्या भिंतीर मोर काढा."

मी तुमच्याकडं पाहिलं. "काढा मास्तर," तुम्ही म्हणालात. "कुसुम, माका वायच मागीलदारी पाणी दी."

मी मोर काढला. आधी मान, मग छाती, मग पिसारा. मागीलदारी विहिरीपाशी तुमचा आवाज येत होता, खालच्या पट्टीतला, तांबीच्या खोलीतला. शब्द कळत नव्हते. मग आवाज थांबला. मी पिसाऱ्याला निळे डोळे भरत राहिलो, एकेक, सावकाश. हात हलला नाही. एकही डोळा वाकडा आला नाही. सिस्टर, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कुसुम आत आली. तोंड धुतलेलं होतं. भिंतीकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, मोराचे पाय ऱ्हवले."

मी पाय काढले.

वाटेत तुम्ही एकच वाक्य बोललात. "आकडे आसते तर कोणी बदलून मागूक नसते, मास्तर."

नंतरचं तुम्ही केलंत, मी पाहिलं. कुसुमचं रक्त पुन्हा गेलं. चिठ्ठीची वाट न बघता, नवऱ्याशी काय बोलायचं, कसं बोलायचं ते तुम्ही तिला शिकवलंत. चिठ्ठी आली की बघू, तोवर निरोध. तिनं सांगितलं. तो दोन दिवस देवापुढं बसून राहिला. तिसऱ्या दिवशी स्वतः केंद्रात आला आणि डॉक्टरांपुढं दंड उघडा करून म्हणाला, "माझापण काढा." दोघांच्याही चिठ्ठ्या वाईट आल्या. कुठून आलं, कोणामुळं आलं, हे तुम्ही त्याला विचारलं नाहीत आणि मला विचारू दिलं नाहीत. तो बोटीवर परत गेला. पत्रं येतात. कुसुम हे लिहिताना बरी आहे. दुसरं मूल झालं नाही. ते तिनं ठरवलं, सगळं कळल्यावर ठरवलं. तुमचं म्हणणं तेवढंच होतं.

आनंदीकडंही तुम्ही गेलात. तिच्या घरच्यांना ठाऊक नव्हतं, पण ते तीन आठवडे तिनं धाकट्या मुलाला अंगाशी घेतलं नव्हतं. शिवल्यानं काही होत नाही, हे तुम्ही तिला दहादा सांगितलं होतं. तिला पटलंही होतं. तरी घेतलं नव्हतं. तुम्ही तिच्यापुढं खाली बसलात आणि म्हणालात, "माका माफ कर." तिनं कुसुमचं काय ते न विचारता ओळखलं. कुसुम सांगते, त्या दिवशी आनंदी तिच्या पानात येऊन जेवली. तेव्हापासून दोघी एकाच पानात जेवतात.

आणि डॉक्टरांपुढं तुम्ही म्हणालात, "चूक माझी. कार्डां कशी सांबाळूची, ता मी बायलांका सांगूक नाय." मी तिथंच उभा होतो. दोन हातांच्या अंतरावर. दोन जावांची सोंगं एका दमात करणारा मी, माझा स्वतःचा प्रवेश आला तेव्हा पडद्याआड राहिलो. डॉक्टर निघून गेले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी छपराची कौलं पाहिली.

त्याहून वाईट पुढं आहे, आणि तेही तुम्हाला ठाऊक आहे. ती गोष्ट मी सांगत फिरलो. रोगाचं नाव नाही, केंद्राचं नाव नाही, नुसत्या दोन जावा, दोन मासे, आणि 'खप गो तूच!'वर शेवट. लग्नात सांगितली, साहेबांच्या निरोपसमारंभात सांगितली. लोक लोळले. त्या समारंभात तुम्ही दारात उभ्या होता. ऐकलंत, पिशवी उचललीत आणि घरी गेलात. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "मास्तर, बर्फ आणूक कोण जाता?"

मला तुम्हाला सांगायचं होतं की मी थट्टा करत नव्हतो. ती गोष्ट तेवढ्यावर संपावी म्हणून सांगत होतो. प्रत्येक वेळी ती पंपावर पाणी उडवून संपायची आणि कोणाला काही व्हायचं नाही. हे वाक्य मी वर्षभर मुरवत ठेवलं, सिस्टर. योग्य दिवसाची वाट बघत. तुम्हाला तीन दिवसांचा ताप आला आणि चौथा दिवस आला नाही.

तुमच्या तेराव्याला, ज्यांना शिरोड्याला जाणं जमलं नाही, त्या बायका केंद्रात आल्या. तुमच्या खुर्चीपुढं अबोलीचा वळेसर ठेवून गेल्या. शेवटी आनंदी आणि कुसुम राहिल्या. कुसुम खुर्चीकडं बघून म्हणाली, "सिस्टर शेवटपर्यंत म्हणा होती, चूक माझीच."

मी म्हणालो, "नाय गो. तुमी कार्डां बदललास तेव्हा मी व्हरांड्यात होतंय. मी बघलंय."

"माका म्हायत आसा," कुसुम म्हणाली. "तुमी हसा होतास."

मी खुर्चीपुढचा वळेसर उगाच सरळ केला.

"मी सिस्टरीक सांगलंय, तुमी चूक माझी म्हणूच्या आधी मास्तरांका इचारा, तेनी बघल्यानी," ती म्हणाली. "ती म्हणाली, माका म्हायत आसा. पण तेंका तेंच्या तोंडान तुमका सांगूदे. तू मधी पडा नको."

म्हणजे वर्षभर तुम्ही वाट बघत होता. थर्मास भरताना, बर्फ आणताना, रोज समोरच्या टेबलाशी बसून. मी कौलं मोजत होतो आणि तुम्ही थांबला होता. मला वाटायचं तुम्ही मला माफ केलंय, किंवा विसरलात, किंवा माझ्यासारख्याकडून अपेक्षाच सोडलीत. तुम्ही सोडली नव्हती. हे कळल्यावर तरी रडू यायला हवं होतं. नाही आलं. आनंदीनं मला पाणी आणून दिलं, मी ते प्यायलो.

जाताना कुसुम वळली. "येत्या बुधवारी बायलो येतत मां? तेंका कोण सांगतला?"

"डॉक्टर."

"डॉक्टर रगात काढतलो. सांगतला कोण?"

नवी सिस्टर अजून हजर झालेली नाही. आषाढ लागला आहे, व्हरांडा भरायला लागला आहे. मी कुसुमकडं पाहिलं. ती म्हणाली, "आमची गोष्ट सांगा तेंका. नाव काढू नका. पण सगळी सांगा."

उद्या बुधवार. थर्मासात बर्फ भरून ठेवला आहे. पुठ्ठ्याची बारा कार्डं कापली आहेत आणि त्यांवर एक ते बारा आकडे घातले आहेत, काळ्या शाईनं. शोभा नाही, काजळ नाही. आतल्या खोलीत बाईशी एकटीशी बोलायला आनंदी बसेल. पुरुषानं ते करू नये, हे तुम्ही असतात तर तुम्हीच म्हणाला असता. माझं काम व्हरांड्यातलं. बारा जणी बाकावर बसल्या की मी त्यांना दोन जावांची गोष्ट सांगणार. आधी त्या हसतील. 'बांगडो बरो'ला हसतील, 'खप गो तूच'ला तर टाळ्या देतील. मग मी सांगेन, व्हरांड्यात एक माणूस उभा होता.